भाजी निवडताना काय ठेवावे आणि काय टाकावे

मंडईत मुळ्याची जुडी किंवा फ्लॉवरचा गड्डा घेतला की विक्रेता हमखास विचारतो, "पाला काढून देऊ का?", आणि पिशवी हलकी होते म्हणून बहुतेक जण लगेच होकार देतात. मुळ्याच्या बाबतीत या होकारामुळे होणारे नुकसान मोठे आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम पांढऱ्या मुळ्यात साधारण ३० ते ३५ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तेवढ्याच पाल्यात ते सुमारे २५० मिलिग्रॅम असते. क जीवनसत्त्वही पाल्यात मुळ्याच्या कितीतरी पट असते, आणि ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते ते बीटा कॅरोटीन पांढऱ्या मुळ्यात जवळजवळ नसतेच, ते सगळे पानांत असते. प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावे, अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० सालची शिफारस आहे. ज्या घरात दूध-दही बेताचेच येते, त्या घराने मुळा आणून पाला टाकणे म्हणजे त्या जुडीतील अधिक पौष्टिक भाग टाकणे होय.

मात्र यावरून "काहीच टाकू नका, सगळे खा" असा सरसकट सल्ला देणे मला योग्य वाटत नाही. टाकाऊ समजल्या जाणाऱ्या भागांत काही अतिशय पौष्टिक आहेत, काहींतून फक्त चोथा मिळतो (आणि तोही हवाच असतो), काहींत पाण्याखेरीज फारसे काही नाही, आणि काही खरोखरच घातक आहेत. म्हणून भाजी निवडायला बसताना यांतला फरक माहीत असला पाहिजे. ज्यांना एकदम सगळे बदलणे शक्य नाही, त्यांनी आधी पाला वापरण्याची सवय लावावी, मग देठ आणि साली, आणि बिया वेळ मिळेल तशा.

आधी धुणे

वापरायचा प्रत्येक भाग चिरण्यापूर्वी आणि सोलण्यापूर्वी धुवावा. चिरल्यावर धुतल्यास क जीवनसत्त्व आणि ब गटातील जीवनसत्त्वे पाण्याबरोबर वाहून जातात. पाल्यासाठी मोठे पातेले घ्यावे, भरपूर पाण्यात पाने खळबळावीत आणि दोन मिनिटे तशीच ठेवावीत, म्हणजे माती तळाशी बसते. त्यानंतर पाने हातांनी वर उचलून दुसऱ्या भांड्यात काढावीत. पातेले चाळणीवर उपडे करू नये, कारण तळाशी बसलेली सगळी रेती पुन्हा पानांवर येते. पाणी तळाशी स्वच्छ दिसेपर्यंत असे तीन वेळा करावे. फ्लॉवर आणि कोबीची पाने मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवली, तर लपलेल्या अळ्या बाहेर येतात.

फवारणीच्या औषधांचा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. वरवर बसलेले औषध वाहत्या पाण्याने आणि चोळून धुण्याने बरेच कमी होते. जे औषध झाडाच्या आत शोषले गेले आहे, ते धुऊन जात नाही. म्हणून फ्लॉवर आणि कोबीची सर्वांत बाहेरची दोन-तीन जाड पाने काढून टाकावीत आणि आतली कोवळी घ्यावीत. काकडी किंवा वांग्याची साल मेणासारखी चकचकीत आणि हाताला गुळगुळीत लागली, तर ती सोलावी. ओळखीच्या शेतकऱ्याकडून किंवा परसातून भाजी मिळत असेल, तर सालींबाबत थोडे अधिक निश्चिंत राहता येते. पावसाळ्यात पाला कच्चा खाऊ नये, शिजवूनच खावा.

मोहरीच्या कुळातला पाला

मुळा, फ्लॉवर, कोबी, नवलकोल, सलगम आणि ब्रोकोली ही सगळी मोहरीच्याच कुळातली. यांचा पाला आपण सर्वाधिक टाकतो, आणि नेमका तोच सर्वांत आधी वापरायला हवा. याचे कारण तेथे कॅल्शियम किती आहे एवढेच नाही, तर त्यातले किती अंगी लागते हे आहे. पालेभाज्यांत ऑक्झॅलिक आम्ल असते; ते कॅल्शियमला बांधून ठेवते आणि ते कॅल्शियम आतड्यांत शोषले न जाता बाहेर पडते. अमेरिकेत १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पालकातील जेमतेम ५ टक्के कॅल्शियम शोषले गेल्याचे दिसले. त्याच संशोधकांनी १९९० साली केल नावाच्या, कोबीच्या जातीच्या पालेभाजीची तपासणी केली, तेव्हा तिच्यातले सुमारे ४१ टक्के कॅल्शियम शोषले गेले, तर तुलनेसाठी दिलेल्या दुधातले ३२ टक्के. मोहरीच्या कुळातल्या पाल्यात ऑक्झॅलिक आम्ल सहसा फार कमी असते, हे त्यामागचे कारण. म्हणजे कॅल्शियमसाठी पालक शोधत फिरण्यापेक्षा फ्लॉवरच्या गड्ड्याभोवतीची कोवळी पाने आणि नवलकोलच्या माथ्यावरचा तुरा कामी आणणे अधिक शहाणपणाचे आहे. नवलकोलच्या पानांत त्याच्या गड्ड्याच्या कितीतरी पट कॅल्शियम असते, तरीही तो बहुधा पाला छाटूनच विकला जातो. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवल्यास पाल्यासकट मिळू शकतो.

लोहाबाबत मात्र सावधपणे बोलले पाहिजे. फ्लॉवरच्या पानांत प्रचंड लोह असते, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. पानांवर चिकटलेल्या मातीच्या कणांमुळेही प्रयोगशाळेतील लोहाचा आकडा फुगू शकतो, आणि वनस्पतींतील लोह मांसातील लोहाइतके सहज शोषले जात नाही. पाल्यातून लोह मिळते हे खरे, पण ज्या स्त्रीचे हिमोग्लोबिन कमी झाले आहे, तिने डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सोडून पाल्यावर विसंबून राहू नये. जे लोह आहे ते अधिक शोषले जावे यासाठी भाजी पानात वाढल्यावर तिच्यावर लिंबू पिळावे, लोखंडी कढई वापरावी आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा घेऊ नये.

आता कृती. मुळे घरी आणताच पाला मुळ्यापासून वेगळा करावा, कारण जोडलेला राहिला तर तो मुळ्यातले पाणी ओढतो आणि मुळे मऊ पडतात. पाला कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवावा आणि दोन दिवसांत वापरावा. पिवळी पाने काढून टाकावीत. पानांवरच्या बारीक काटेरी लवेमुळे ती हाताला खरखरीत लागतात, परंतु शिजल्यावर ती लव जाणवत नाही. पाला बारीक चिरून त्याला मीठ चोळून पाणी पिळून टाकण्याची पद्धत अनेक घरांत आहे. त्याने उग्रपणा जातो, पण त्या हिरव्या पाण्याबरोबर क जीवनसत्त्व आणि पोटॅशियमही जाते. त्याऐवजी कढईत दोन चमचे तेल तापवून मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची घालावी, अर्धा तास भिजवलेली मूगडाळ निथळून परतावी आणि मग पाला टाकून पहिली तीन-चार मिनिटे झाकण न ठेवता परतावा. उग्र वास देणारी गंधकयुक्त द्रव्ये वाफेबरोबर उडून जातात, आणि पाण्याचा थेंबही न घालता पाला स्वतःच्या ओलाव्यात बसतो. एवढे झाले की मीठ घालावे, मंद आचेवर झाकण ठेवून डाळ बोटचेपी होईपर्यंत शिजवावे आणि उतरवून लिंबू पिळावे. तेल अगदीच काटकसरीने वापरू नये, कारण बीटा कॅरोटीन स्निग्धाशिवाय शोषले जात नाही.

डाळ नको असेल तर याच पाल्याची पीठ पेरून भाजी करावी. फ्लॉवरच्या पानांसाठी मला हीच पद्धत सर्वांत चांगली वाटते, कारण बेसन आणि लसूण त्यांचा किंचित तुरटपणा झाकतात. पानाचा मधला जाड दांडा आधी वेगळा काढावा. तो पानापेक्षा उशिरा शिजतो, म्हणून त्याचे पातळ काप करून फोडणीत आधी टाकावेत आणि चिरलेली पाने पाच मिनिटांनी घालावीत. ही पाने थालीपिठाच्या भाजणीत, पिठल्यात आणि मुटक्यांत चालतात, आणि पालेभाजी म्हटले की तोंड फिरवणारी मुले थालीपिठातली पाने सहसा निवडून काढत नाहीत.

फ्लॉवर, कोबी आणि ब्रोकोली यांचे जाड दांडेही टाकू नयेत. ब्रोकोलीच्या दांड्यात क जीवनसत्त्व तुऱ्यांच्या जवळपासच असते. बाहेरची दोरेदार साल जाडसर सोलून काढली की आतला पांढरट गाभा कोवळा निघतो. कोबीचा गाभा किसून कोशिंबिरीत घातला तर तो कोबीपेक्षा गोड लागतो, आणि कच्चा खाल्ल्याने त्यातले क जीवनसत्त्वही टिकते.

बीट, गाजर आणि अळू

बीटाचा पाला उत्तम आहे, पण त्याचे गुण वेगळे आहेत. १०० ग्रॅम कच्च्या बीटात सुमारे ३२५ मिलिग्रॅम पोटॅशियम असते, तर पाल्यात ७५० मिलिग्रॅमच्या वर. पाल्यात क आणि के जीवनसत्त्वही भरपूर असते. कॅल्शियमचा आकडाही कागदावर मोठा दिसतो, परंतु या पाल्यात ऑक्झॅलिक आम्ल पुष्कळ असल्यामुळे त्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. पालकासारखाच हा पाला डाळीत घालावा. लालसर देठ बारीक चिरून कांद्याबरोबर परतल्यास त्यांना बीटाचाच गोडवा येतो.

थंडीत लाल गाजरे कधीकधी पाल्यासकट येतात. तो पाला विषारी असतो हा समज चुकीचा आहे. चव थोडी कडसर असल्यामुळे त्याची वेगळी भाजी न करता कोवळे तुरे कोथिंबिरीसारखे आमटीवर घालावेत किंवा चटणीत वाटावेत. कोथिंबिरीचे देठ तर बाजूला काढण्याचे काहीच कारण नाही. फक्त मुळे छाटावीत आणि देठ वाटणात घालावेत. सुगंध पानांपेक्षा देठात अधिक टिकतो.

अळूचे देठ आपल्याकडे पूर्वीपासून खाल्ले जातात आणि ते देठीच्या रूपाने खावेत. अळूत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून ते कच्चे किंवा अर्धवट शिजलेले राहिले तर घसा खाजतो. देठांची वरची पातळ साल ओढून काढावी, तुकडे चिंचेच्या कोळाबरोबर पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवावेत, निथळून घोटावेत आणि गार झाल्यावर दह्यात मिसळून वरून फोडणी द्यावी. चिरताना हाताला तेल लावावे.

साली आणि शिरा

सालींबद्दल जे लिहिले जाते त्यात अतिशयोक्ती बरीच असते. बटाट्याचे सगळे सत्त्व सालीतच असते असे म्हणतात. प्रत्यक्षात साल इतकी पातळ असते की बटाट्यातले बहुतेक पोटॅशियम आणि क जीवनसत्त्व गरातच असते. सालीत मुख्यतः चोथा मिळतो. तरीही बटाटे सालीसकटच उकडावेत, कारण सोलून उकडले तर गरातील द्रव्ये पाण्यात उतरतात. चोथाही कमी महत्त्वाचा नाही: २००० कॅलरींच्या आहारात रोज ३० ग्रॅम तंतुमय पदार्थ असावेत अशी शिफारस आहे, आणि पांढरा भात, मैद्याचा पाव आणि सोललेल्या भाज्या खाणाऱ्या माणसाला तेवढे मिळणे अवघड असते.

दोडक्याच्या शिरांची आणि दुधीच्या सालीची चटणी हा सालींचा सर्वांत चांगला उपयोग आहे, असे माझे ठाम मत आहे. चार मध्यम दोडके धुऊन पुसून घ्यावेत, सोलाण्याने शिरा काढाव्यात, आणि सोलताना थोडा हिरवा गरही शिरांबरोबर येऊ द्यावा. शिरा बारीक चिराव्यात. लोखंडी तव्यावर चमचाभर तेल घालून त्या मंद आचेवर पसरून ठेवाव्यात. सुरुवातीला त्या मऊ पडतात, मग त्यांतले पाणी आटते आणि आठ-दहा मिनिटांनी कडा तपकिरी होऊन उलथन्याखाली कुरकुर आवाज येऊ लागतो. घाई करून आच वाढवल्यास बाहेरून करपतात आणि आतून चिवट राहतात. आवाज आला की दोन चमचे तीळ, पाव वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस, पाच-सहा लसूणपाकळ्या आणि मिरच्या घालून खोबरे गुलाबीसर होईपर्यंत परतावे. गार झाल्यावर मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटावे. मिक्सरमध्ये फिरवायचे असल्यास थांबत थांबत फिरवावे, नाहीतर तिळाचे तेल सुटून गोळा होतो. शिरांतून चोथा मिळतो, आणि तीळ-खोबऱ्यातून स्निग्ध, खनिजे आणि प्रथिने. चटणी कोरडी झाली असेल तर चार-पाच दिवस टिकते.

लाल भोपळ्याची साल कोवळी असेल तर सोलू नये, शिजल्यावर ती कळतही नाही. जून भोपळ्याची साल मात्र काढावी. कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची दुधीसारखी भाजी होते किंवा तो किसून थालीपिठात घालता येतो. त्यात सिट्रुलिन नावाचे अमिनो आम्ल असते म्हणून त्याची बरीच प्रसिद्धी झाली आहे, पण मुख्यतः ते पाणीच आहे. भाजी वाढते म्हणून तो वापरावा, औषध म्हणून नव्हे. मटारची टरफले हिवाळ्यात कोवळी असतील तरच घ्यावीत: टरफल आतल्या बाजूला मोडून आतला पारदर्शक पापुद्रा खाली ओढून काढावा, आणि उरलेला हिरवा भाग बटाट्याबरोबर परतावा.

बिया

लाल भोपळ्याच्या बिया कचऱ्यात जाव्यात याचे मला मनापासून वाईट वाटते. सोललेल्या १०० ग्रॅम बियांत सुमारे ३० ग्रॅम प्रथिने, ५०० मिलिग्रॅमहून अधिक मॅग्नेशियम आणि ७ ते ८ मिलिग्रॅम जस्त असते. चमचाभर, म्हणजे दहाएक ग्रॅम खाल्ल्या तरी ३ ग्रॅम प्रथिने आणि स्त्रीच्या दिवसभराच्या गरजेच्या साधारण सातव्या हिश्श्याइतके मॅग्नेशियम मिळते. बिया तंतूंसकट पाण्यात घालून चोळल्या की तंतू सुटतात. त्या कापडावर दोन-तीन दिवस उन्हात वाळवाव्यात, मंद आचेवर भाजाव्यात आणि फुगून तडतडल्या की उतरवाव्यात. टोकाकडून दाबल्यास टरफल उघडते. हे काम वेळखाऊ आहे, परंतु घरातली वडीलधारी माणसे आणि मुले मिळून बसली तर एका भोपळ्याच्या बिया सहज सोलून होतात.

फणसाच्या आठळ्या कोकणात आणि गोव्यात कोणी टाकत नाही. गोव्यात त्यांना बिकणां म्हणतात. शहरात गरे विकत आणून आठळ्या फेकणाऱ्यांसाठी मात्र सांगावेसे वाटते की त्यांत पिष्टमय पदार्थ भरपूर आणि १०० ग्रॅममागे ६ ते ७ ग्रॅम प्रथिने असतात. कच्च्या आठळ्यांत प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारी द्रव्ये असतात आणि ती उष्णतेने निकामी होतात, म्हणून त्या नेहमी उकडून किंवा भाजून खाव्यात. वरचे पांढरे पापुद्र्यासारखे आवरण काढावे; आतली तपकिरी साल राहिली तरी चालते. आमटीत, पालेभाजीत किंवा नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडून, कशाही त्या चांगल्या लागतात. पडवळाच्या कोवळ्या बियांचीही खमंग चटणी होते आणि तिची रीत दोडक्याच्या शिरांसारखीच आहे.

जे टाकलेच पाहिजे

बटाट्याचा हिरवा भाग आणि कोंब खाऊ नयेत. त्यांत सोलानिन आणि तत्सम विषारी द्रव्ये वाढलेली असतात, आणि ती उकडून किंवा तळून जात नाहीत. थोडासाच हिरवेपणा असेल तर तो भाग खोलवर कापून काढावा. बटाटा बराच हिरवा असेल किंवा कडू लागत असेल तर पूर्ण टाकावा.

दुधी, दोडका, काकडी आणि पडवळ यांच्याबाबत एक नियम कधीही मोडू नये: सोलण्यापूर्वी लहानसा काप चाखून पाहावा, आणि तो कडू लागला तर साल, गर, बिया सगळेच फेकून द्यावे. हा कडूपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्याचा असतो आणि शिजवल्यानेही ते नष्ट होत नाही. दुधीचा कडू रस पिऊन माणसे दगावल्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती, आणि कडू लागणारा रस पिऊच नये असा स्पष्ट सल्ला समितीने दिला. असा रस चुकून पोटात गेला आणि उलट्या, पोटदुखी किंवा जुलाब सुरू झाले, तर वेळ न घालवता दवाखान्यात जावे. कारल्याचा कडूपणा वेगळा आहे; त्याला हा नियम लागू नाही.

कांद्याच्या वरच्या पापुद्र्यांवर अनेकदा काळी बुरशी असते, म्हणून ते उकळून पाणी पिण्याच्या सल्ल्याकडे दुर्लक्ष करावे. कोणताही बुरशी आलेला किंवा सडका भाग काटकसर म्हणून वापरू नये.

काही माणसांनी विशेष काळजी घ्यावी. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पाल्याचे प्रमाण अचानक वाढवू नये किंवा कमी करू नये, कारण त्यातले के जीवनसत्त्व औषधाच्या परिणामात बदल करते. ऑक्झॅलेटचे मूतखडे झालेल्यांनी बीटाचा पाला, पालक आणि अळू बेताने खावेत. मुळा आणि फ्लॉवरचा पाला त्यांना त्या मानाने सोयीचा आहे. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियम मोजून घ्यावे लागते, तेव्हा त्या रुग्णांनी आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पाला वाढवू नये. इतरांनीही चोथा हळूहळू वाढवावा आणि त्याबरोबर पाणी अधिक प्यावे, नाहीतर पोट फुगते.

निवडून झाल्यावर जे खरोखर उरते, म्हणजे जाड बाहेरची पाने, जून सालींचे तुकडे, मटारचे पापुद्रे आणि कोथिंबिरीची मुळे, ते बारीक करून खताच्या कुंडीत सुक्या पाल्याबरोबर थर देऊन घालावे. हिरवे बटाटे, कोंब आणि कडू निघालेला दुधीही खतातच घालावा. गायी-म्हशींपुढे किंवा शेळ्यांपुढे टाकू नये.